आण्णांच्या बांधावरची वाट

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका बोळात आमचा छापखाना होता. होता म्हणतो, कारण आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. मालक बापू, मशीनवर एक मामा आणि संगणकावर मी. लग्नपत्रिका, डेअरीच्या पावत्या, तालमीच्या कुस्त्यांची पोस्टरं ही आमची रोजची कामं. पण मी तिथं चिकटलो तो पत्रकांसाठी.

इतर पोरांना अक्षरं अंकलिपीतून कळतात, मला पत्रकांतून कळली. वडील बिद्रीकडं साखर कारखान्यात हंगामी कामगार. प्रत्येक सभेहून येताना त्यांच्या खिशात घडी घातलेली पत्रकं असायची. मागची बाजू कोरी, तिच्यावर मी पाढे लिहायचो. पुढच्या बाजूला ‘जाहीर’, ‘निषेध’, ‘एकजूट’. कागदाच्या एका बाजूला हिशेब आणि दुसऱ्या बाजूला अन्याय, अशीच जगाची रचना असते असं मला बरीच वर्षं वाटायचं. अजूनही फारसं वेगळं वाटत नाही.

पत्रकाचं तंत्र साधं आहे. ते माणूस उभ्यानं वाचतो, बहुतेक वेळा एका हातात चहा धरून. म्हणून कोणावर काय बेतलंय ते पहिल्या ओळीतच कळलं पाहिजे. कागद गुलाबी किंवा पिवळा, कारण स्वस्त पडतो आणि वर्तमानपत्रातून खाली घसरला तरी दिसतो. एका पत्रकात एकच मागणी. दोन केल्या की समोरचा त्यातली सोपी तेवढी मान्य करतो आणि वर सत्कार करून घेतो. शेवटी ‘आपले नम्र’ आणि खाली नावं. या नावांच्या क्रमावरून जेवढी भांडणं झालेली मी पाहिली, तेवढी मजकुरावरून कधीच झाली नाहीत. एकदा एका पावण्यानं सकाळी सख्ख्या भावाविरुद्ध पत्रक टाकलं, दुपारी तोच भाऊ उत्तर छापायला आला. बापूंनी दोघांना एका बाकावर बसवून चहा पाजला आणि दोन्ही पत्रकं एकाच कागदावर पाठपोट छापावीत असं सुचवलं. स्वस्तात पडेल म्हणून दोघंही तयार झाले.

छापखान्याला बाजू नसते, हा बापूंचा नियम. मी म्हणायचो, असते. ते म्हणायचे, “तुला असू दे की, पशा. मशीनला न्हाय.”

आमचं हे भांडण मिटलं नाही. तळेवाडीच्या प्रकरणात मात्र ते फार टोकाला गेलं.

तळेवाडी हे गावाचं खरं नाव नव्हे. शहरापासून दुचाकीवर टप्प्यात असलेलं गाव, मोठं जुनं तळं, मावळतीला डोंगर. रविवारी निम्मं कोल्हापूर तिथं लोटायचं. घोडा, होडी, भेळ, भाजकं कणीस. पर्यटनाचा निधी आला तेव्हा तीन बाजूंना दगडी कट्टा आणि लोखंडी रेलिंग झालं. चौथी बाजू शेतांची. तिथून पाण्याला जायला एकच वाट उरली, पायगोंडा मगदूम यांच्या शेताच्या रुंद बांधावरून. गवळ्यांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या त्या बांधावरून पाण्यात उतरत होत्या. नकाशात ती वाट नव्हती. बांध मगदुमांच्या मालकीचा आणि त्यांनी कधी कुणाला अडवलेलं नव्हतं, एवढाच त्या वाटेला आधार.

मग शहरातल्या एका बिल्डरनं त्या चौथ्या बाजूला वसाहत काढायचं ठरवलं. खाली बंगले, मागं उंच इमारती, प्रत्येक गॅलरीतून तळं.

तळ्याशी ज्याचा ज्याचा संबंध, तो तो आमच्या बोळात आला. बिल्डरची माणसं माहितीपत्रक घेऊन आली. शहरातली पहाटे तळ्यावर फिरायला जाणारी मंडळी आली. त्यांत डॉक्टर होते, प्राध्यापक होते. त्यांना पक्ष्यांसाठी वसाहत नको होती आणि पक्ष्यांसाठीच म्हशीही नको होत्या. गावातल्या कृती समितीचा तानाजी आला. तो माझ्याच वयाचा, आवाज मोठा, गळ्यात भगवा गमछा. हौसाक्का आली. तळ्यावर कणसं भाजणारी ही बाई गाडेवाल्यांच्या वतीनं आली होती. तिचं म्हणणं मला कुठल्याच पत्रकात बसवता येईना. घरं होऊ देत पण गाडे उठवू नका, असं तिला लिहून हवं होतं. मी तिला सांगितलं की आक्का, विरोध तरी करा नाहीतर पाठिंबा तरी द्या. ती म्हणाली, “मला काय बी करायचं न्हाय. मला एवढंच सांग, बंगल्यातली माणसं कणीस खात्यात का रं?”

मी तेव्हा हसलो होतो.

बिल्डरच्या माहितीपत्रकासाठी तळ्याचा एक सुंदर फोटो आला होता. संध्याकाळचं सोनेरी पाणी आणि पाण्यात निवांत बसलेल्या म्हशी. फक्त डोकी आणि शिंगं वर. सोबत निरोप होता, म्हशी काढून टाका. मी साफ नकार दिला. बापूंनी चष्मा लावला, ते माझ्या खुर्चीत बसले आणि माउस धरून एकेक म्हैस पुसायला लागले. शेजारचं पाणी उचलायचं आणि म्हशीवर टाकायचं, असं ते काम असतं. दुपार त्यातच गेली. मी पाठीमागं उभा राहून भाषण दिलं. ते संपल्यावर बापू म्हणाले, “झालं का? मग आता सांग, ह्या शिंगाखालचं पाणी कुठनं उचलू?”

मी सांगितलं नाही. त्या माहितीपत्रकात डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या वर, एक काळा कान राहून गेलाय. बिल्डरच्या माणसांना तो दगड वाटला.

इकडे समितीचं पत्रक मी लिहिलं होतं, मनापासून. त्यावर गाव पेटलं. तानाजीनं ठरवलं की सगळ्या जमीनवाल्यांनी बिरदेवाच्या देवळात भंडारा उचलायचा. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं देवापुढच्या हळदीची मूठ हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. कोर्टातली शपथ मोडणारी माणसंही भंडाऱ्याला बिचकतात. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन त्या दिवशी देवळात होतो. एकेक जमीनवाला पुढं येत होता, मूठ उचलत होता, जमीन विकणार नाही म्हणत होता, कपाळाला हळद लावून मागं सरत होता. आपण लिहिलेल्या ओळी माणसांच्या तोंडून ऐकणं ही नशाच असते.

शेवटी बांधवाल्या पायगोंडाआण्णा मगदुमांची पाळी आली. ते जैन शेतकरी, सत्तरीच्या पुढचे, पांढरी टोपी, बोलणं हळू. ते पुढं आले, देवाला हात जोडले आणि मूठ न उचलता उभे राहिले.

तानाजी म्हणाला, “आण्णा, भंडारा.”

“देवाला नमस्कार केला की,” आण्णा म्हणाले. “शपथ मी घेत न्हाय. आमच्यात घेत न्हाईत. शब्द देतो.”

गर्दीत कुजबुज झाली. आण्णांनी वळून खांबाला टेकून बसलेल्या शिवाप्पाकडं पाहिलं. शिवाप्पा गवळ्यांतला सगळ्यात म्हातारा. त्याच्याकडं गुंठाभरही जमीन नव्हती, म्हणून त्याला कुणी पुढं बोलावलंच नव्हतं. आण्णा त्याला म्हणाले, “शिवाप्पा, तुझी म्हस माझ्या बांधावरनं पाण्याला जाईल. मी हाय तवर.”

शिवाप्पा म्हणाला, “व्हय, ठावं हाय.” बस, एवढंच.

देवळातून बाहेर पडताना तानाजीनं मला बाजूला घेतलं. सगळ्यात आधी हाच फुटणार असं त्याला वाटत होतं. बांध गेला की वाट गेली आणि वाट गेली की आंदोलनात राहिलं काय? हिशेबी माणसं, देवापुढं हात आखडतात म्हणजे आतून ठरलेलं असणार. त्याला एक पत्रक हवं होतं, भंडारा न उचलणाऱ्यांना ओळखा. मी म्हटलं, त्या माणसानं साऱ्या गावादेखत शब्द दिलाय. तो म्हणाला, “भंडाऱ्याबिगर शब्द म्हंजे बिनशिक्क्याचा दाखला.”

मी ते पत्रक लिहिलं नाही. लक्ष्मीपुरीतल्या दुसऱ्या कुणीतरी छापून दिलं. चार दिवसांत आण्णा स्वतः ते घेऊन आमच्या छापखान्यात आले. मी खुर्ची दिली. त्यांनी कागद उलगडून टेबलावर ठेवला.

“हे तू न्हाय लिवलंस.”

“नाही आण्णा. कशावरून ओळखलंत?”

“तुझ्या पयल्या ओळीत कळतं कुणावर काय आलंय. ह्यात शेवटापातूर कळत न्हाय. निस्त्या शिव्या हायत.”

माझ्या कामाचं इतकं चोख कौतुक दुसऱ्या कुणी केलेलं नाही. मी पेटून म्हणालो की आपण उत्तर देऊ, जाहीर खुलासा काढू, मी फुकट लिहितो. आण्णा म्हणाले, “खुलासा कशाचा काढतोस? मी काय बी केल्यालं न्हाय, त्येचा?” मग चहा घेतला, बापूंशी पावसापाण्याचं बोलले आणि निघून गेले.

त्यानंतरचं वर्ष मला फार भराभर सांगावंसं वाटतं. शिवाप्पा त्या उन्हाळ्यात गेला. बिल्डरनं भाव चढवला. फिरायला जाणाऱ्या मंडळींना तळ्याकाठी पक्षी पाहायला लाकडी मचाण बांधून देतो असं बिल्डरची माणसं म्हणाली, तशी त्यांची पत्रकं थांबली. आणि एक दिवस कळलं की जमीनवाल्यांनी देवाला कौल लावायचा ठरवलाय.

हेही बाहेरच्यांना सांगायला हवं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. दिलेल्या शब्दातून देवानं मोकळं करावं का, हा प्रश्न होता. मी तिथं गेलो होतो. कुणीच मला ये म्हणालं नव्हतं आणि कुणीच जा म्हणालं नाही.

पहिल्यांदा डावं फूल पडलं. मग कुणीतरी म्हणालं की प्रश्न नीट विचारला गेला नाही. परत लावला. परत डावं. मग म्हणाले, फुलं ओली जास्त होती. पुजाऱ्यानं फुलं बदलली. या खेपेला उजवं पडलं आणि देवळात एकदम सगळे मोठ्यानं बोलायला लागले, लग्नघरात बोलतात तसे. तानाजीनं घंटा वाजवली. त्याचीही तिथं जमीन होती. बाहेर आल्यावर तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “देवानंच सोडलं, पशा. आता माणसानं काय धरून बसायचं?”

मी त्याला ढोंगी म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो. आज तेच शब्द परत म्हणेन. पण त्याच्या घरात बहिणीच्या लग्नाचं चाललं होतं आणि ऊस दोन वर्षं तोडणीविना वाळला होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पत्रकाला एकच बाजू छापता येते. माणसाला दोन्ही बाजूंनी वाचावं लागतं आणि मला ते अजून नीट जमत नाही.

एकटे आण्णा राहिले. त्यांच्या शेताच्या दोन्ही अंगांना जमिनी गेल्या, सिमेंटच्या भिंती आल्या. आता बिल्डरला बांध हवाच होता, नाहीतर वसाहतीचे दोन तुकडे जोडले जात नव्हते. माणसं येऊन बसायची. पंच यायचे. ज्यांनी बिनशिक्क्याचा शब्द म्हणून हिणवलं होतं, तेच आता म्हणत होते की आण्णा, तुम्ही तर शपथही घेतली नव्हती, तुम्हाला काय अडचण?

सगळ्यात शेवटी त्यांचा मुलगा पुण्याहून आला. महावीर, कंपनीत इंजिनियर. मी त्या दिवशी योगायोगानं आण्णांच्या घरी, पुढच्या सोप्यात होतो. मुलगा भांडायला आला नव्हता, तेच ऐकायला जड गेलं. तो समजावत होता. शिवाप्पाच्या पोरांनी म्हशी विकल्या. चाऱ्याचं कुरणच वसाहतीत गेलं, जनावरं कशावर पोसणार? थोरला वसाहतीच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर आहे. बांधावरून महिन्यात एक जनावर जात नाही.

“आण्णा, ज्याला शब्द दिला तो माणूस गेला,” महावीर म्हणाला. “मग हे कुणासाठी?”

आतून आण्णांची बायको, तिला सगळे अव्वा म्हणतात, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

“त्येंनी देवाला शब्द दिलता, देवानं सोडलं त्यास्नी,” आण्णा म्हणाले. “मी शिवाप्पाला दिलता. शिवाप्पा गेला. आता मला सोडवायला कोण हाय?”

महावीर न जेवता गेला. तेव्हापासून तो येत नाही. फोन अव्वाला येतो. ती बोलते तेव्हा आण्णा अंगणात जाऊन उभे राहतात.

हौसाक्काचा गाडा वसाहतीचं फाटक झालं त्या महिन्यात उठवला. अतिक्रमण म्हणून. ती आता त्यातल्याच दोन घरांत भांडी घासते. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिनंच मला सांगितलं. खातात म्हणे कणीस. भाजलेलं नाही, उकडलेलं, फ्रीजमधलं.

आमच्याकडं पत्रकं येईनाशी झाली. निषेध मोबाईलवर गेला. तिथं कागद लागत नाही आणि पहिली ओळही लागत नाही. बापूंनी मशीन विकायचं ठरवलं. त्या शेवटच्या आठवड्यात, दिवाळीच्या तोंडावर, आण्णा बोळातून येताना दिसले. म्हणाले, पत्रक काढायचंय. आयुष्यातलं पहिलं.

पाडव्याला आमच्या भागातले गवळी म्हशी सजवतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, गळ्यात घुंगरांचा पट्टा. सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटरसायकलमागं म्हशी पळवतात आणि बघायला गर्दी लोटते. तळेवाडीत सजवण्याआधी सकाळी सगळ्या म्हशी तळ्यावर धुवायला यायच्या, आण्णांच्या बांधावरून. अव्वा बांधाच्या तोंडाशी रांगोळी काढून प्रत्येक म्हशीच्या कपाळाला कुंकू लावायची. गावात म्हशी उरल्या नव्हत्या, पण पलीकडच्या वाड्यांत अजून होत्या. पत्रक त्यांच्यासाठी.

मी कीबोर्डवर बसलो. आण्णांनी सांगितलेला मजकूर असा: यंदा पाडव्याला म्हशी धुवायला तळ्यावर आणाव्यात. वाट मोकळी आहे.

मी म्हटलं, खाली एक परिच्छेद घालू. ही वाट कशी राहिली, कोणी कोणी काय केलं, लोकांना कळू दे. इतकी वर्षं मनात साठलेल्या ओळी बोटांवर आल्या होत्या.

“एका पत्रकात एकच म्हणतोस न्हवं?” आण्णा म्हणाले.

खाली ‘आपले नम्र’ टाइप केलं आणि त्यांचं नाव घालायला लागलो, तर त्यांनी हात केला. “आधी शिवाप्पाचं घाल. माझं खाली.”

“आण्णा, ते वारले.”

“वाट त्येची हाय.”

“मग नावाआधी कैलासवासी लावू?”

“नगं. लोकांना वाटंल, वाट बी गेली.”

बापूंनी मामाला हटवून ते पत्रक स्वतः छापलं. गुलाबी कागदावर. त्या मशीनवरचं ते शेवटचं काम. शाई वाळायला कागद पसरले होते, त्यांच्याकडं बघत बापू बराच वेळ उभे राहिले आणि मग मला म्हणाले की वाटायला तू जा, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. मी आजूबाजूच्या सगळ्या वाड्या फिरलो. दारोदार दिली. गवळ्यांनी घेतली, वाचली, एकदोघांनी शिवाप्पाचं नाव बघून कपाळाला लावली. येतो म्हणाले.

पाडव्याच्या सकाळी मी बांधावर गेलो. आण्णांनी बांध झाडून पाणी मारलं होतं. अव्वानं तोंडाशी मोठी रांगोळी घातली होती, ताटात कुंकू, वाटीत शिंगांना लावायला तेल. दोन्ही बाजूंना उंच भिंती, त्यावर गॅलऱ्यांतले आकाशकंदील. समोर तळं. बापूंच्या माहितीपत्रकात होतं तसंच दिसत होतं. तो कानसुद्धा नव्हता.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं. लांब हमरस्त्यावरून पुंगळी काढलेल्या मोटरसायकलींचा फटफटाट ऐकू आला, मागून घुंगरं. आण्णा उठून उभे राहिले, टोपी नीट केली. आवाज वळणाशी आला आणि शहराच्या दिशेनं गेला. तिथं आता बक्षिसं असतात, कॅमेरे असतात, टेम्पोत टाकी ठेवून पाईपच्या पाण्यानं म्हशी रस्त्यावरच धुतात. मला ते माहीत होतं. पत्रकं वाटतानाही माहीत होतं.

आण्णा परत बसले. “पत्रक नीट वाटलंस न्हवं?”

“वाटलं, आण्णा. घरटी दिलं.”

वसाहतीचा रखवालदार भिंतीच्या टोकाशी येऊन कधीचा बघत होता. परगावचा माणूस, नवीन असावा. रांगोळी, कुंकवाचं ताट बघून त्याला काहीतरी समारंभ वाटला असेल. त्यानं अदबीनं विचारलं, “काका, कुणाची गाडी यायची आहे का? फाटकावर सांगून ठेवतो.”

“गाडी न्हाय,” आण्णा म्हणाले. “म्हशी येणार हायत. येऊ देत.”

तो बरं म्हणाला आणि गेला. मी उठायला लागलो तसं आण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बस की,” ते म्हणाले. “एवढ्यात कुठं चाललास?”